तेल लावलेले दंड आणि पुठ्ठ्याचं रोम

१५ फेब्रुवारी १९६१ची सकाळ. इटलीतल्या टस्कनी प्रांतात रोक्कास्त्रादा गावाजवळ एक चित्रपटाचं युनिट क्रूस रोवून, कॅमेरे लावून, आभाळाकडे डोळे लावून उभं होतं. त्या दिवशी तिथे खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं. येशूला क्रूसावर चढवलं तेव्हा भरदिवसा अंधार पडला, असं बायबल सांगतं. 'बरब्बा' या चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर यांना तो अंधार खराखुरा हवा होता. खग्रास अवस्था मिनिटा-दोन मिनिटांची. नट चुकला, ढग आला, रीळ अडकलं, तरी सूर्याला काही 'वन्स मोअर' म्हणता येत नाही. शॉट एका झटक्यात मिळाला आणि आजही चित्रपटात पाहायला मिळतो. काळवंडलेलं आकाश, त्यावर क्रूसाची आकृती, आणि खाली थिजलेली माणसं.

पुराणकाळचं जग पडद्यावर उभं करायचा हा उद्योग इटलीत त्या काळी जोरात होता. १९५८ ते १९६५ या सात-आठ वर्षांत रोमच्या स्टुडिओंनी दीडशेच्या वर असे चित्रपट काढले. ग्लॅडिएटर, गुलामांची बंडं, दुष्ट राण्या, ज्वालामुखी, आणि या सगळ्यांना पुरून उरणारा पिळदार अंगाचा नायक. फ्रेंच समीक्षकांनी या प्रकाराला 'पेप्लम' म्हटलं, इंग्रजीत ते तलवार-सँडलवाले सिनेमे झाले. ग्रीकांचा हर्क्युलिस, बायबलमधला सॅमसन आणि रोमचे ग्लॅडिएटर इथे एकाच पंगतीत जेवायला बसतात. इतिहासाच्या प्राध्यापकांनी कपाळावर हात मारून घेतला तरी मला हे चित्रपट मनापासून आवडतात. खिशात फारसे पैसे नसताना डोळे दिपवणारं साम्राज्य उभं करणारे इतके कसबी कारागीर एका वेळी एका शहरात क्वचितच जमले असतील.

गोदीतला हमाल

सुरुवात खरं तर मूकपटांच्या काळातली आहे. १९१४ साली तुरीन शहरात जोव्हान्नी पास्त्रोने यांनी 'काबिरिया' काढला. रोम आणि कार्थेज यांच्या युद्धाची पार्श्वभूमी, एटना ज्वालामुखीचा उद्रेक, आल्प्स ओलांडणारे हॅनिबलचे हत्ती, आणि लहान मुलांचा बळी मागणारं मोलॉक दैवताचं अवाढव्य मंदिर. कॅमेरा चाकांच्या गाड्यावर बसवून सेटमधून संथपणे फिरवायची युक्ती पास्त्रोने यांनी इथे अशी वापरली की बराच काळ लोक तिला 'काबिरिया-चाल' म्हणत. चित्रपटातली मोलॉकची मूर्ती आजही तुरीनच्या राष्ट्रीय सिनेमा संग्रहालयात आहे.

मूकपटाच्या पाट्यांसाठी नाव घेतलं गेलं ते इटलीचे त्या काळचे सर्वांत गाजलेले कवी गाब्रिएले द'अनुन्झिओ यांचं. पात्रांची नावंही त्यांनी सुचवली. नायकाचा गुलाम आणि पाठीराखा असलेल्या बलदंड पात्राला त्यांनी नाव दिलं माचिस्ते. ही भूमिका करणारा बार्तोलोमेओ पागानो हा जेनोवाच्या गोदीत काम करणारा गडी होता. अभिनयाचा गंध नाही, पण काय ती छाती आणि काय ते दंड! गजाआड कोंडल्यावर तो खिडकीचे गज वाकवतो, पकडला गेल्यावर त्याला जात्याला जुंपतात आणि तो वर्षानुवर्षं ते ओढत राहतो. नायक-नायिका राहिले बाजूला, प्रेक्षक माचिस्तेच्या प्रेमात पडले. हा गडी चित्रपट खाऊन गेला.

पुढच्याच वर्षी, १९१५ साली, त्याला नायक करून 'माचिस्ते' हा चित्रपट निघाला. त्याची कल्पना आजही ताजी वाटते. गुंडांच्या तावडीतून पळालेली एक मुलगी सिनेमाघरात शिरते. तिथे 'काबिरिया' चालू असतो. पडद्यावरच्या माचिस्तेला पाहून तिला वाटतं, हाच आपल्याला वाचवील. ती थेट चित्रपट कंपनीला पत्र लिहिते, आणि तो नट खरोखर तिच्या मदतीला धावतो. सिनेमातल्या सिनेमाचा हा खेळ त्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी इतक्या सहज मांडला होता. १९१६ साली पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना माचिस्ते इटलीच्या पहाडी पलटणीत शिरून ऑस्ट्रियाच्या सैनिकांना चोपत होता. म्हणजे 'काबिरिया'तला पुराणकाळचा गुलाम दोन वर्षांत विसाव्या शतकातला फौजी झाला, आणि प्रेक्षकांना त्यात काहीही खटकलं नाही.

पागानोने विसाच्या वर चित्रपटांत माचिस्ते रंगवला. त्यातल्या 'माचिस्ते नरकात' या चित्रपटाची एक वेगळीच पुण्याई आहे. लहानपणी वडिलांच्या कडेवरून पाहिलेला हा आपल्या आठवणीतला पहिला चित्रपट, असं फेदेरिको फेलिनी सांगत. पुढे १९५७ साली त्यांनी आपल्या एका नायिकेचं नावही काबिरिया ठेवलं.

मिस्टर युनिव्हर्स रोममध्ये

पुढचा मोठा धमाका व्हायला चार दशकं जावी लागली. १९३७ साली रोमच्या वेशीवर मुसोलिनीने चिनेचित्ता हा प्रचंड स्टुडिओ उघडला. दुसऱ्या महायुद्धानंतर काही काळ तिथे निर्वासितांची छावणी होती. मग हॉलिवूडवाले आले. इटलीत कमावलेला पैसा देशाबाहेर नेण्यावर निर्बंध होते, तेव्हा तो इथेच खर्च करू, या हिशेबाने अमेरिकन कंपन्या रोममध्ये चित्रीकरण करू लागल्या. १९५१चा 'क्वो व्हादिस' आणि १९५९चा 'बेन-हर' तिथलेच. या कामांवर इटालियन सुतार, शिंपी, रथ हाकणारे, घोडेस्वार, दिवे लावणारे असे सगळे तयार झाले. हॉलिवूडवाले सामान आवरून गेले तरी हे हात तिथेच होते.

आणि मग आला स्टीव्ह रीव्ज. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात जन्मलेला हा तरुण १९४७ साली मिस्टर अमेरिका आणि १९५० साली मिस्टर युनिव्हर्स झाला होता. हॉलिवूडचे दिग्दर्शक सेसिल बी. डिमिल यांनी त्याला 'सॅमसन' म्हणून पारखलं, पण वजन उतरव म्हणाले. मेहनतीने कमावलेलं शरीर उतरवणं त्याला जमेना. भूमिका गेली व्हिक्टर मॅच्युअरकडे. रीव्जच्या वाट्याला बारीकसारीक कामं आली. त्यातलाच 'अथीना' हा चित्रपट इटलीतले दिग्दर्शक पिएत्रो फ्रान्चिस्की यांच्या मुलीने पाहिला. वडील हर्क्युलिससाठी माणूस शोधत होते. तुमचा हर्क्युलिस मला सापडला, असं तिने घरी येऊन सांगितल्याची हकिकत या क्षेत्रात पुन्हा पुन्हा सांगितली जाते.

१९५८चा 'हर्क्युलिस' इटलीत तुफान चालला. त्यातला शेवटचा प्रसंग पाहा. राजवाड्याच्या ओसरीचे भलेथोरले खांब. हर्क्युलिस त्यांना जाडजूड साखळ्या गुंडाळतो, टोकं दोन्ही हातांत घेतो आणि मागे रेलतो. मानेच्या शिरा तटतटतात, पाय जमिनीत रुततात, आणि समोरून चालून येणाऱ्या घोडदळावर अख्खी ओसरी कोसळते. छायाचित्रण मारिओ बाव्हा यांचं. कॅमेरा खाली ठेवल्यामुळे रीव्ज मुळात आहे त्याहून दीडपट मोठा भासतो. दगड हलके आणि खांब पोकळ असणार हे आपल्याला ठाऊक असतं, तरी श्वास रोखला जातोच.

अमेरिकेत हा चित्रपट नेला जोसेफ ई. लेव्हिन यांनी. त्यांनी हक्क घेतले १ लाख २० हजार डॉलरना आणि जाहिरातीवर उधळले दहा लाखांच्या वर. त्या काळात चित्रपट आधी मोठ्या शहरांत लागे आणि मग हळूहळू गावोगावी जाई. लेव्हिननी ६०० प्रिंट काढून १९५९च्या उन्हाळ्यात सगळीकडे एकदम धडाका लावला. लोक काय म्हणतात ते गावभर पसरण्याआधी सगळ्या गावाने तिकीट काढलेलं असायचं. आज मोठा चित्रपट एकाच शुक्रवारी हजारो पडद्यांवर लागतो. त्या पद्धतीच्या आद्य प्रयोगांत या इटालियन पहिलवानाचा मोठा वाटा आहे.

रीव्जने बहुतेक हाणामाऱ्या स्वतः केल्या आणि त्याची किंमतही मोजली. १९५९च्या 'पॉम्पेईचे अखेरचे दिवस'मध्ये त्याचा रथ झाडावर आदळला आणि खांदा निखळला. पुढे पाण्याखालच्या प्रसंगात पोहताना ते दुखणं बळावलं आणि जन्मभर पुरलं. १९६८ साली त्याने चित्रपट सोडले आणि कॅलिफोर्नियातल्या आपल्या रँचवर मॉर्गन जातीचे घोडे पाळत राहिला. १ मे २००० रोजी तो गेला. त्याच आठवड्यात अमेरिकेत रिडली स्कॉट यांचा 'ग्लॅडिएटर' झळकला आणि तलवार-सँडलांचे दिवस पुन्हा आले.

गोंडोलावाला, मास्तर आणि गवई

रीव्जचे पैसे वसूल झाले म्हटल्यावर निर्मात्यांनी जगभरच्या व्यायामशाळा धुंडाळल्या. कोण कुठून आलं ते पाहा.

कर्क मॉरिस हे भारदस्त इंग्रजी नाव धारण करणारा माणूस होता आद्रिआनो बेल्लिनी, व्हेनिसमध्ये गोंडोला वल्हवणारा. अ‍ॅलन स्टील म्हणजे रोमचा सेर्जिओ चानी. तो आधी रीव्जचा डमी होता. प्रेक्षकांना नायक अमेरिकन हवा असतो, असं वितरकांचं मत होतं, म्हणून घरच्या गड्यांची अशी बारशी झाली. गॉर्डन मिचेल लॉस एंजेलिसमधल्या शाळेत शिकवायचा. तो आणि मिकी हार्गिते, दोघेही आधी अमेरिकन नटी मे वेस्टच्या नाइटक्लब-कार्यक्रमातल्या पहिलवानांच्या ताफ्यात होते. ब्रुकलिनचा मार्क फॉरेस्ट माचिस्ते म्हणून राक्षसांशी झुंजला, आणि चित्रपट सोडल्यावर ऑपेरा गाऊ लागला, पुढे गाणं शिकवूही लागला.

इंग्लंडच्या लीड्सचा रेज पार्क तीनदा मिस्टर युनिव्हर्स. त्याचे हर्क्युलिसपट ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात एका पोरसवदा मुलाने पाहिले आणि ठरवलं की आपल्याला असंच व्हायचं. तो मुलगा म्हणजे आर्नोल्ड श्वार्झनेगर. त्याचा पहिला चित्रपट कोणता? १९७०चा 'हर्क्युलिस इन न्यूयॉर्क'. पार्कशी त्याची पुढे घट्ट मैत्री झाली आणि आपला आदर्श कोण, हे तो कायम अभिमानाने सांगत आला.

आवाजाची गंमत वेगळीच. इटलीत तेव्हा चित्रीकरणाच्या वेळी आवाज टिपण्याची पद्धतच नव्हती. अमेरिकन नट इंग्रजीत बोले, नायिका फ्रेंचमध्ये उत्तर देई, खलनायक इटालियनमध्ये डरकाळी फोडे, आणि मागाहून सगळ्यांच्या तोंडी हवी ती भाषा घातली जाई. खुद्द रीव्जचं इंग्रजीही बऱ्याचदा दुसऱ्याच कुणीतरी बोललेलं आहे. ख्रिस्तोफर ली यांच्यासारख्या खर्जातल्या नामांकित आवाजावरही हीच वेळ आली. त्यांच्या हर्क्युलिसपटाच्या इंग्रजी आवृत्तीत आवाज परक्याचा आहे, आणि हे ऐकून आजही हळहळ वाटते.

चार खांब, एक भिंत

तो चित्रपट म्हणजे १९६१चा 'हर्क्युलिस पृथ्वीच्या पोटात', दिग्दर्शक मारिओ बाव्हा. पूर्ण पेप्लम खजिन्यातला माझा सर्वांत लाडका. इथे जरा थांबावंच लागेल.

बाव्हांचे वडील स्वतः मूकपटांच्या काळातले छायाचित्रकार आणि ट्रिक-कॅमेऱ्याचे उस्ताद. घरातच ती विद्या. या चित्रपटाला पैसा तुटपुंजा. बाव्हांची युक्ती अशी सांगितली जाते : दारं-खिडक्या असलेली एक भिंत आणि सुटे हलवता येणारे चार खांब, एवढ्यावर राजवाडा, मंदिर, गुहा सगळं निभावायचं. खांब या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, भिंत उलटी, आणि उरलेलं काम रंगीत दिव्यांचं. दिव्यांवर लाल, हिरवे, निळे, जांभळे कागद चढवायचे. एकाच चौकटीत नायकाच्या डाव्या गालावर अंगारासारखा लाल प्रकाश आणि उजव्या गालावर शेवाळी हिरवा. धुराचा लोट सोडला की मागची रिकामी जागा पाताळ होऊन जाते.

हर्क्युलिस त्या पाताळात वेली तोडतो तेव्हा त्यांतून रक्त गळतं आणि कोंडलेले आत्मे किंचाळतात. खदखदत्या लाव्ह्यावरून दोर बांधून पलीकडे जायचं असतं. एका प्रसंगात खलनायक लिको आपल्याला सरळ दिसत नाही. फरशीवर साचलेल्या रक्ताच्या थारोळ्यात त्याचं उलटं प्रतिबिंब दिसतं, बस्स. आणि शेवटी थडग्यांतली प्रेतं उठून हवेतून झेपावत येतात, हर्क्युलिस दगडांच्या उभ्या शिळा उपटून त्यांच्यावर फेकतो. बाव्हांची खरी गादी भयपटांची. तिचा सगळा रंगविलास या हर्क्युलिसपटात भरभरून आहे.

दुसरा कसबी माणूस कार्लो राम्बाल्दी. १९६३च्या 'अजिंक्य पर्सियस'मध्ये त्यांनी मेड्युसा केली. केसांत साप असलेली नेहमीची सुंदरी टाळून त्यांनी चालतं झाड उभं केलं, मुळांवर सरपटणारं, एकच डोळा लकाकणारं. पुढे 'एलियन' आणि 'ई.टी.'साठी याच राम्बाल्दींना ऑस्कर मिळाले. जगभरच्या मुलांना रडवणारा तो सुरकुतलेला ई.टी. या मेड्युसाचा धाकटा भाऊ आहे.

व्हित्तोरिओ कोत्ताफावी यांच्या 'हर्क्युलिस अटलांटिसवर' (१९६१) या चित्रपटाचा नायक महाआळशी आहे. जरा उसंत मिळाली की झोपतो. बाकीचे गलबतावर राबताहेत आणि हा घोरतोय. अख्खं अटलांटिस बुडवायला पैसे कुठले? मग ज्वालामुखी-अभ्यासक हारून ताझिएफ यांनी खऱ्या ज्वालामुखींच्या तोंडाशी जाऊन केलेल्या माहितीपटातली दृश्यं त्यात गुंफली. फ्रेंच समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला.

माचिस्तेची नावंच नावं

इटलीत माचिस्ते घरोघरी ठाऊक. अमेरिकेत त्याला कोण ओळखणार? तिकडे गेल्यावर तो कधी सॅमसन झाला, कधी गोलायथ, कधी अ‍ॅटलस, आणि सर्रास हर्क्युलिस. टीव्हीसाठी तर बऱ्याच चित्रपटांची एक गठडी बांधून तिला 'हर्क्युलिसचे पुत्र' असं नाव दिलं गेलं, सोबत एक दणदणीत शीर्षकगीत.

बिचारा माचिस्ते गेलाही कुठे कुठे! १९६१ साली चीनमध्ये मंगोल खानाच्या दरबारात. १९६२ साली थेट सतराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये, तिथून नरकात. या नरकाचं चित्रीकरण झालं दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतातल्या कास्तेल्लानाच्या खऱ्या चुनखडी गुहांत. १९६३ साली त्याची गाठ झोरोशी पडली, १९६४ साली चंद्रावरून आलेल्या लोकांशी. त्याच वर्षी हर्क्युलिस, सॅमसन, माचिस्ते आणि उर्सुस हे चौघे एकाच चित्रपटात आले. यातला उर्सुस हा पोलिश लेखक हेन्रिक शेन्किएविच यांच्या 'क्वो व्हादिस' कादंबरीतला बलदंड सेवक. तोही हळूहळू स्वतंत्र नायक झाला होता. आणि इटलीचा विनोदवीर तोतो याने १९६२ साली 'तोतो विरुद्ध माचिस्ते' काढून सगळ्यांची फिरकी घेतली.

ओळखा पाहू

'क्वो व्हादिस'च्या गर्दीत एक किशोरवयीन मुलगी आहे. सोफिया लॉरेन. त्याच चित्रपटात पहारेकरी म्हणून उभा असलेला धिप्पाड गडी म्हणजे इटलीचा ऑलिंपिक जलतरणपटू कार्लो पेदेर्सोली, पुढचा बड स्पेन्सर. १९५९च्या 'हॅनिबल'मध्ये बड स्पेन्सर आणि टेरेन्स हिल दोघेही आहेत. पुढे जोडी म्हणून ते जगभर गाजले, पण या चित्रपटात दोघांचा एकत्र प्रसंगच नाही.

१९६१च्या 'सबाइन स्त्रियांचं अपहरण'मध्ये रोमचा संस्थापक रोम्युलस कोण? रॉजर मूर! जेम्स बाँड व्हायला अजून बारा वर्षं होती. याच चित्रपटाच्या वेळी त्याला लुइसा मात्तिओली भेटली आणि पुढे ती त्याची पत्नी झाली. त्याच वर्षी सेर्जिओ कोर्बुच्ची यांच्या 'रोम्युलस आणि रीमस'मध्ये रोम्युलस होता रीव्ज आणि रीमस होता टारझन गाजवलेला गॉर्डन स्कॉट.

राण्या

पेप्लममध्ये राणी दुष्ट असायलाच हवी, आणि खरं सांगायचं तर चित्रपटातलं सर्वांत चविष्ट पात्र तीच. 'हर्क्युलिस आणि लिडियाची राणी' (१९५९) या चित्रपटात हर्क्युलिस एका झऱ्याचं पाणी पितो आणि बायकोसकट सगळं विसरतो. त्याला आपल्या महालात ठेवणारी राणी ओम्फाले जुन्या प्रियकरांचे पुतळे करून तळघरात मांडते. त्याला सोडवायला सोबतचा तरुण युलिसिस मुक्या-बहिऱ्या नोकराचं सोंग घेऊन राहतो. ओम्फाले झालेली सिल्व्हिया लोपेझ पडद्यावर जणू पेटलेली ज्योत. चित्रपट निघाला त्याच वर्षी रक्ताच्या कर्करोगाने ती गेली. क्युबाची नर्तकी चेलो आलोन्सो एका नाचात अख्खा दरबार फिरवायची. मोइरा ओर्फेई तर इटलीतल्या नामांकित सर्कस घराण्यातली, सिंह-हत्तींत वावरणारी.

पडद्यावरचं रोम आणि खरं रोम

पडद्यावर ग्लॅडिएटर म्हटला की पोटावर पिळदार सहा कप्पे. खऱ्या ग्लॅडिएटरांना त्या काळी 'जवखाऊ' म्हणत. तुर्कस्तानात इफेसस इथे १९९३ साली ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. तिथल्या हाडांच्या २०१४ सालच्या अभ्यासातूनही त्यांचा आहार मुख्यत्वे धान्य-कडधान्यांचा असल्याचं दिसलं. म्हणजे अंगावर चरबीचा थर असावा, आणि तलवार वरवर लागली तर तोच कामी येत असावा.

'मरणोन्मुखांचा सलाम, सीझर!' ही आरोळी प्रत्येक चित्रपटात असते. इतिहासात ती एकाच प्रसंगी नोंदलेली आहे. इसवी सन ५२ मध्ये सम्राट क्लॉडियसने फुचिनो सरोवरावर लुटुपुटीचं नौकायुद्ध भरवलं, तेव्हा त्यात लढायला उभ्या केलेल्या कैद्यांनी ती दिली. खाली वळवलेला अंगठा आपल्या मनात बसवला तो जाँ-लेओं जेरोम या फ्रेंच चित्रकाराने, १८७२ सालच्या चित्राने. अंगठा नेमका कोणत्या दिशेला म्हणजे मृत्यू, हे प्राचीन ग्रंथांतून स्पष्ट होतच नाही. त्याच चित्राने पुढे रिडली स्कॉटना 'ग्लॅडिएटर' करायला भुरळ घातली.

नीरोला कलोसियममध्ये बसलेला पाहिलात तर समजा दिग्दर्शकाने घाई केली. नीरो गेला इसवी सन ६८ मध्ये, कलोसियम खुलं झालं ८० मध्ये. रोमन स्वारांच्या पायात रिकीब दिसली तर तेही चूक, ती युरोपात कितीतरी शतकांनी आली. आणि पांढरेशुभ्र संगमरवरी पुतळे? रोमनांचे पुतळे चक्क रंगवलेले असत. बाव्हांचे भडक दिवे एका परीने खऱ्या रोमच्या जास्त जवळचे. स्पार्टाकसची खरी गोष्ट तर कुठल्याही पटकथेला हरवते. इसवी सनपूर्व ७३ मध्ये काप्वाच्या ग्लॅडिएटर-शाळेतून तो आणि त्याचे साथीदार निसटले ते स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि मांस भाजायच्या सळया घेऊन.

तलवार गेली, पिस्तूल आलं

'पॉम्पेईचे अखेरचे दिवस'चे दिग्दर्शक मारिओ बोनार्द आजारी पडले आणि काम सहायकाच्या गळ्यात आलं. सहायकाचं नाव सेर्जिओ लिओने. १९६१ साली त्यांनी स्वतःच्या नावावर पहिला चित्रपट केला, 'ऱ्होड्सचा महाकाय पुतळा'. मग १९६४ साली त्यांचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' हा वेस्टर्न आला आणि वारंच फिरलं. त्यातली मुख्य भूमिका आपण नाकारली होती, असं रीव्ज सांगायचा. कोर्बुच्चींनी १९६६ साली 'जँगो' केला. दुच्चो तेस्सारी पेप्लमच्या पटकथा लिहीत होते, ते 'रिंगो'कडे वळले आणि सोबत आपला जुलियानो जेम्मा हा देखणा नायक घेऊन गेले. टेक्निस्कोप या पद्धतीत प्रत्येक चौकटीला नेहमीच्या निम्मी फिल्म लागे. ती काटकसर या पट्टीच्या लोकांनी वेस्टर्नमध्येही चालवली. स्वार तेच, घोडे तेच, पडण्याच्या कसरती त्याच. फक्त अंगावरचा झगा जाऊन डोक्यावर हॅट आली.

आणि मुंबई

याच वर्षांत मुंबईच्या स्टुडिओंत दारासिंग दंड थोपटत होते. १९६२ साली बाबूभाई मिस्त्रींचा 'किंग काँग', १९६३ साली मुमताजसोबत 'फौलाद', १९६४ साली 'सॅमसन' आणि चक्क 'हर्क्युलिस'. पुठ्ठ्याचे किल्ले, पहिलवान नायक, ट्रिक फोटोग्राफी. बाबूभाई तर ट्रिकसीनचे बादशहा, काळ्या धाग्यांवर वस्तू नाचवून चमत्कार घडवणारे. रोमचे बाव्हा आणि मुंबईचे बाबूभाई एका टेबलावर बसले असते तर दोघांना दुभाषा लागला नसता, असं मला नेहमी वाटतं.

आणखी एक धागा आहे. १९६३ साली रीव्जने सांदोकान नावाच्या पूर्वेकडच्या चाच्यांच्या राजाची भूमिका केली. १९७६ साली इटालियन टीव्हीने तीच कथा मालिका म्हणून काढली. दिग्दर्शक सेर्जिओ सोल्लिमा, हेही एके काळी पेप्लमच्या पटकथा लिहिणारे. नायक त्यांनी मुंबईहून नेला, कबीर बेदी. इटलीत त्याला जी लोकप्रियता मिळाली ती एखाद्या फुटबॉलपटूला मिळावी तशी होती आणि आजही तिथे त्याचं नाव निघालं की लोक सांदोकानच म्हणतात.

हे चित्रपट पाहायचे तर क्रम माझ्याकडून घ्या. पहिला बाव्हांचा पाताळातला हर्क्युलिस, शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर आणि खोलीतले दिवे मालवून. मग साखळ्या ओढणारा १९५८चा रीव्ज. मग कोत्ताफावींचा झोपाळू हर्क्युलिस. 'काबिरिया' एखाद्या सुट्टीच्या दुपारी, कारण तो लांब आहे आणि घाईत पाहण्यासारखा नाही. 'बरब्बा' मिळाला तर ग्रहणाच्या प्रसंगी पडद्यावरून नजर हटवू नका. आणि शक्य असेल तर प्रती इटालियन आवाजातल्या, डागडुजी केलेल्या शोधा. जुन्या इंग्रजी प्रतींमध्ये पडद्याच्या दोन्ही कडा कापलेल्या असतात, रंग उडालेले असतात, आणि या कारागिरांनी जिवाचं रान करून उभं केलेलं अर्धं रोम चौकटीबाहेरच राहतं.